धुतल्यावर सगळेच सारखे

ट्रॅक्टरचं डिफरन्शियल खोलायला मिस्त्री लागत नाही, गर्दी पुरते. तासगाव-मणेराजुरीकडं एखाद्या गॅरेजसमोर छोटा ट्रॅक्टर मागून उघडा पडलेला दिसला, की रस्त्यानं चाललेला माणूस मोटारसायकल स्टँडला लावतो, बाह्या सारतो आणि विचारतो, "सुटंना व्हय?" मग तो पान्ह्याला पाइप लावून त्याला लोंबकळतो. दुसरा हातोडा उचलतो. तिसरा, ज्याचं स्वतःच्या बागेतलं औषध मारायचं राहिलेलं असतं, तो "उलटा आटा आसंल बघा" एवढं बोलून उभा राहतो. तासाभरात सगळं सुटं होऊन ट्रेमधल्या काळ्या राड्यात पडतं आणि जमलेल्यांना गावासाठी काहीतरी केल्याचं समाधान लाभतं. चहा येतो.

मग कुणीतरी म्हणतं, "आता डिझेलात टाका आन् लख्ख करा." घोटाळ्याला सुरुवात होते ती इथून.

माझं मत विचाराल तर (आणि गॅरेजसमोर न विचारताच द्यायची पद्धत आहे) घाण ही यंत्राची स्मरणशक्ती असते. कुठला वॉशर कुठल्या अंगाचा, हे त्याच्यावरच्या करड्या थरावरून कळतं. कुठला बोल्ट बाहेरचा हे त्याच्या आट्यात अडकलेली माती सांगते. दोन शिम एकमेकांना चिकटलेले असले तर ते शेजारी होते, यात शंका नाही. तोंडात मावा धरून बसलेल्या साक्षीदारासारखी ही घाण गप्प असते, पण तिला सगळं माहीत असतं. डिझेलमध्ये ब्रश फिरला की सगळे पुरावे डबक्यात जातात आणि समोर उरतात एकाच रंगाच्या, निष्पाप चेहऱ्याच्या वस्तू. त्यातली प्रत्येक म्हणते, मी उजवीकडची.

आमच्या दाजींचा ट्रॅक्टर बागेचा. म्हणजे द्राक्षबागेचा, आमच्याकडं दुसरी बाग मोजत नाहीत. १८-२० अश्वशक्तीचा, रुंदीला ४ फुटांच्या आतला, आणि इतका बुटका की चालवणाऱ्याची टोपी मांडवाच्या तारेत अडकू नये. उसाच्या रानातला ५० अश्वशक्तीचा गडी ९ फुटांच्या ओळीत घातला, तर एका फेरीत काड्या, तारा आणि घरातली शांतता तिन्ही मोडतील. या छोट्याचं काम एकच: मागं पाचशे-सहाशे लिटरची टाकी आणि ब्लोअर लावून औषध मारत हिंडायचं. एप्रिलात खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी, आणि त्यानंतर पावसाची एखादी सर आली तरी दावण्या रोग पानाखाली येऊन बसतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर आजारी पडला, तर दाजी स्वतः आजारी पडल्यावर येतात त्याहून जास्त माणसं विचारपूस करायला येतात.

आजार कसला, तर वळताना मागून कट्-कट् आवाज. मिस्त्रींनी तळाचा प्लग काढला तर ऑइल आलं ते दुधाळ. ऑइल दुधाळ झालं म्हणजे आत पाणी गेलं, हे ट्रॅक्टरवाल्यांच्या घरात बायकापोरांनाही माहीत असतं. पाणी कुठून गेलं, याचा तपास दाजींपाशी येऊन थांबला. बोर्डो मिश्रणाची निळी पुटं अंगावर राहू नयेत म्हणून दाजी रोज संध्याकाळी ट्रॅक्टर प्रेशरच्या पाण्यानं धुतात, आणि नोझल अगदी ॲक्सलच्या तोंडाशी नेऊन धुतात. तिथं रबराचं ऑइल सील असतं. आतलं तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढ्याच नोकरीवर ते लागलेलं. बाहेरून असा फवारा येईल, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. बिचाऱ्यानं काही दिवस दम धरला आणि मग सोडून दिलं.

म्हणजे धुतल्यामुळं बिघडलं, आणि दुरुस्तीची पहिली पायरी म्हणून पुन्हा धुवायचं.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे गॅरेजसमोर उभ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येक जण ते हातांनी सांगतो. दोन्ही मुठी समोर धरायच्या, एक हळू फिरवायची, एक जोरात. सांगणाऱ्याच्या मुठी सहसा बरोबर फिरतात. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळतो तेव्हा बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी. दोन चाकांत ३ फुटांचं अंतर धरलं, तर एका ओळीतून फिरून पुढच्या ओळीत शिरेपर्यंत बाहेरच्या चाकाला साधारण साडेनऊ फूट जादा पडतात. यातली गंमत अशी की वळण ऐटीत मोठं घ्या नाहीतर जागच्या जागी घ्या, हे साडेनऊ फूट चुकत नाहीत. चाकांमधल्या अंतराला 'पाय'नं गुणलं की हिशेब संपला. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली असती तर दर वळणाला एक चाक फरफटलं असतं, नाहीतर दांडाच पिळवटला असता. म्हणून दांडा मधोमध तोडायचा आणि तोडलेल्या टोकांमध्ये चार बेव्हल गिअरांची पंचायत बसवायची. दोन सन गिअर, प्रत्येक चाकाचा एकेक प्रतिनिधी. त्यांच्यामध्ये दोन छोटे प्लॅनेट गिअर, एकाच पिनवर समोरासमोर. एक चाक जितकं मागं पडेल तितकं दुसरं पुढं काढतं. दोघांच्या फेऱ्यांची बेरीज त्यांना फिरवणाऱ्या क्राउन व्हीलच्या फेऱ्यांच्या दुप्पट, त्यात तसूभर फरक होत नाही.

या व्यवस्थेत एकच खोड. ती दोन्ही चाकांना जोर सारखाच देते, आणि किती द्यायचा हे त्यातलं कमजोर चाक ठरवतं. चिखलात एक चाक घसरायला लागलं की सगळी धावाधाव ते एकटं करतं आणि कोरड्या जमिनीवरचं धडधाकट चाक शांतपणे बघत राहतं. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यावर उपाय म्हणून पायाशी डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं जखडली जातात. फक्त ते सरळ जाताना दाबायचं असतं.

हे सगळं सुचलं कुणाला, असं एकानं विचारलं. मी मास्तरकीत आयुष्य काढलेलं असल्यामुळं कुणी प्रश्न विचारला की थांबवत नाही. ओनेसिफोर पेकर नावाच्या पॅरिसच्या कारागिरानं १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं. पण मला आपला वाटतो तो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ले. त्यानं दोघांनी शेजारी-शेजारी बसून मारायची सायकल केली होती. एकानं एका अंगाचं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या. शेजारी आपल्या तरण्या पोराला बसवून तो निघाला. पोराच्या मांड्या दणकट, बापाचं वय झालेलं. गाडी काही सरळ जाईना. बापाच्या अंगाला वळत वळत ती रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत जाऊन पडली, असं सांगतात. अंग खाजवता खाजवता स्टार्लेला डिफरन्शियल सुचलं. साल १८७७.

"आपल्याकडं आसतं तर वाटणीचा दावा सुचला आसता," मिस्त्री म्हणाले आणि ब्रश डिझेलमध्ये बुडवला.

धुतलेले भाग मांडायला मिस्त्रींकडं एक फ्लेक्स आहे. कुठल्याशा युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाचा. मधोमध हात जोडलेला नेता, खाली तीन ओळींत शुभेच्छुक. निवडणुकीत नेता पडला आणि फ्लेक्स कामाला आला. मिस्त्रींची मांडायची पद्धत पक्की आहे. क्राउन व्हील नेत्याच्या छातीवर. दोन सन गिअर दोन खांद्यांवर, त्यांचे वॉशर कानांपाशी. बेअरिंगं जोडलेल्या हातांच्या दोन बाजूंना. शिम मात्र शुभेच्छुकांच्या कपाळावर, एकेक. शिम म्हणजे पोलादाच्या पातळ चकत्या, ०.१, ०.२, ०.३ मिलिमीटरच्या, बेअरिंगच्या मागं उजवीकडं किती आणि डावीकडं किती घातल्या, यावर क्राउन त्याला फिरवणाऱ्या पिनियनच्या किती जवळ बसतो ते ठरतं. जवळ बसला तर तापतो, लांब बसला तर बोंबलतो. मधे जो मोकळेपणा ठेवायचा तो साधारण पाव मिलिमीटरच्या आतला. एवढी बारीक वस्तू एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर सापडावी कशी? पण मिस्त्री "गॉगलवाल्याच्या कपाळावरचं आण" म्हणाले की पोरगं बिनचूक आणतं.

हे पोरगं आयटीआय झालेलं. त्याचं म्हणणं, प्रत्येक भागाला टॅग लावावा, पुस्तकात तसंच दिलंय. मिस्त्रींचं म्हणणं, टॅग डिझेलात सुटतात. पुढारी चिकटून राहतात.

चारच्या सुमाराला परतीच्या पावसाचे थेंब पडायला लागले. मिस्त्री चहाला गेलेले, पोरगं बेअरिंग आणि ऑइल सील आणायला तासगावात. फ्लेक्स उघड्यावर. आपल्या वस्तूची काळजी आपणच घ्यावी, या भावनेनं दाजी उठले. त्यांनी नेत्याच्या छातीवरचं, खांद्यावरचं, सगळ्या शुभेच्छुकांच्या कपाळांवरचं चपळाईनं वेचून एका घमेल्यात भरलं, वर पोतं टाकलं, आणि फ्लेक्स झटकून व्यवस्थित घडी घालून ठेवला. पाऊस लगेच थांबला. मिस्त्री परत आले तेव्हा दाजी पोरीच्या लग्नात वाढपी वेळेवर आल्यावर उभे असतात तसे समाधानानं उभे होते.

मिस्त्रींनी पोतं उचललं. घमेल्यात बराच वेळ बघितलं.

"लई ब्येस केलासा," ते म्हणाले, आणि त्यानंतर तंबाखू मळून होईपर्यंत काही बोलले नाहीत.

"फोटू हायती की!" दाजी म्हणाले. खोलताना त्यांनी मोबाइलवर सगळं टिपून ठेवलेलं होतं. आम्ही ते बघितलं. पहिल्या फोटोत मिस्त्रींचं मानगूट. दुसऱ्यात तेच, जास्त जवळून. तिसऱ्यात दाजींचा अंगठा, आणि त्याच्या पलीकडं काहीतरी गोल. एक फोटो मात्र अतिशय स्वच्छ आला होता: जमलेले सगळे कॅमेऱ्याकडं बघून हसताहेत आणि मधल्यानं क्राउन व्हील दोन्ही हातांत उचलून धरलंय. व्हिडिओही होता. सुरुवातीला "आता बघा आपण काय करालोय" असा दाजींचा आवाज येतो आणि पुढं बराच वेळ दाजींच्या खिशाच्या आतलं अस्तर दिसतं. हा व्हिडिओ दाजींनी बागायतदारांच्या ग्रुपवर टाकलेला होता आणि त्याला पुष्कळ अंगठे आले होते.

मग मिस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलला, बल्ब खाली ओढला आणि एकेक वॉशर तिरका धरून त्याच्या कडेवरनं नख फिरवायला सुरुवात केली. घाणीबद्दलचं माझं मत मला इथं थोडं आवरतं घ्यावं लागलं. घाण जाते, झीज जात नाही. वर्षानुवर्षं ज्याच्याशी घासला त्याच्या मापाची बारीकशी कड वॉशरवर राहते. डिझेल तिला काही करू शकत नाही. ती दिसायला मात्र चाळीस वर्षं नखाखाली ग्रीस जावं लागतं. वॉशरांचे दोन ढीग झाले. गिअरांचे दोन झाले. शिम मायक्रोमीटरनं मोजून झाले. एकूण बरोबर होते, उजवी-डावी वाटणी नव्यानं करावी लागणार होती.

झीज फार बोलकी असते, याचा प्रत्यय लगेच आला. डिफरन्शियल लॉकचे दाते मिस्त्रींनी बोटानं चाचपले. दोन तुटके.

"लॉक दाबून वळवताय काय?"

"छ्या! आमचा भाचा चालवतो कवा कवा," दाजी म्हणाले. भाचा म्हणजे माझा मुलगा. तो पुण्याला असतो आणि ट्रॅक्टर मोबाइलवर बघतो.

पोरगं बेअरिंग घेऊन आलं. आता जोडायचं. रस्त्यावरून माणसं जात होती, पण मोटारसायकल कुणी थांबवेना. नट सैल करायला जो उत्साह असतो तो घट्ट करताना कुठं जातो, याचा शोध कुणीतरी लावला पाहिजे. गेले त्यातला एक जण तर सकाळी पाइपला लोंबकळलेला. त्यानं नुसता हॉर्न वाजवून हात केला.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट क्राउन नाही, बेअरिंगही नाही. ते जड असतात, बोट चेंगरतं, पण फसवत नाहीत. फसवतात ते दोन प्लॅनेट. सगळ्यात लहान, मुठीत मावणारे. दोन सन गिअर आपापल्या वॉशरसकट केजमध्ये, म्हणजे त्यांच्या पिंजऱ्यात, बसले, की केजच्या दोन खिडक्यांतून दोन प्लॅनेट एकाच वेळी, बरोबर समोरासमोर, सन गिअरच्या दात्यांत लावायचे. मग सन गिअर फिरवायचा, म्हणजे दोघे वळत वळत आत सरकतात आणि त्यांची भोकं केजच्या भोकासमोर येतात. मग पिन ठोकायची. सांगायला दोन वाक्यं. एका प्लॅनेटमागं एक वाटीच्या आकाराचा पातळ वॉशर असतो, दुसऱ्यामागंही. तो त्याच्याबरोबर आत गेला पाहिजे. तो जात नाही. तो निम्म्या वाटेत थांबतो.

इथं ग्रीस लागतं. वॉशर प्लॅनेटच्या पाठीला चिकटून राहावा एवढ्यापुरतं, बोटाच्या टोकावर मावेल इतकं. पेटी बंद झाल्यावर आत ऑइल भरायचंच असतं. ग्रीस त्यात विरघळून जातं. दाजींना हे मान्य नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणं ग्रीस जितकं जास्त तितका ट्रॅक्टर सुखी. त्यांनी डब्यात चार बोटं घातली आणि एका सन गिअरचे दाते दिसेनासे केले. मिस्त्रींनी ते कापसानं पुसून काढलं. दाजींनी ते बघितलं आणि दुसऱ्या सन गिअरला लावलं.

मी म्हटलं, दाजी अगदीच चूक नाहीत. अमेरिकेत बंगल्याभोवतीचं गवत कापायला गार्डन ट्रॅक्टर असतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६१ मध्ये कब कॅडेट काढला, जॉन डीअरनं १९६३ मध्ये ११० हे मॉडेल आणलं. त्याच गोतावळ्यातल्या काही हलक्या गाड्यांच्या मागच्या पेटीत ऑइल नसतंच. बेंटोनाइट माती मिसळलेलं ग्रीस भरलेलं असतं. आणि तिथं रिटायर झालेली माणसं हिवाळ्यात बर्फ पडलं की गॅरेज गरम करून ही पेटी स्वतः खोलतात, धुतात, ग्रीस भरतात, परत जोडतात. छंद म्हणून.

"छंद?" मिस्त्री थांबले.

"त्येंच्याकडं दावण्या नसंल," दाजी म्हणाले.

दावण्या मूळचा अमेरिकेचाच. १८७८ च्या सुमाराला तो तिकडून फ्रान्सच्या बागांत पोचला आणि त्याच्यावर उतारा म्हणून बोर्डो मिश्रण निघालं. ज्याच्या निळ्या डागांपायी दाजी रोज ट्रॅक्टर धुतात आणि ज्या धुण्यापायी आम्ही तिघं उकिडवे बसलो होतो. पण समोरच्याचे हात ग्रीसनं भरलेले असताना सगळं ज्ञान द्यायचं नसतं.

पिन जाईना. पहिल्या प्लॅनेटमध्ये गेली, दुसऱ्याच्या भोकाशी अडली. भोकातून डोकावलं तर अर्धचंद्र दिसला. म्हणजे एका दात्याचा फरक. दोन्ही प्लॅनेट काढले, परत लावले, फिरवले. या खेपेला भोक जुळलं आणि वॉशर निसटून तळाला गेला. वॉशर काढला, ग्रीस लावलं, परत. अर्धचंद्र, फक्त दुसऱ्या बाजूचा. तेवढ्यात शेजारचा वेल्डिंगवाला आला आणि "हलक्या हातानं एक दणका द्या, बसंल" असा सल्ला देऊन गेला. हा सल्ला आपल्याकडं रेडिओपासून जावयापर्यंत सगळ्यांना लागू आहे, पण डिफरन्शियलला नाही. एक दाता चुकलेला असताना पिनेला दणका दिला तर पिन वाकते, वॉशर कापला जातो, आणि वेल्डिंगवाल्याला काम मिळतं.

अखेर पोरगं पुढं झालं. त्यानं सन गिअरचे दाते मोजले. सोळा. मग दप्तरातला व्हाइटनर काढला, पहिल्या दात्यावर एक ठिपका दिला आणि बरोबर समोरच्या, नवव्या दात्यावर दुसरा. प्लॅनेटवरही एकेक खूण केली. ठिपक्याला ठिपका लावून दोन्ही प्लॅनेट खिडकीत धरले, सन गिअर सावकाश फिरवला, आणि पिन आरपार गेली. टक्, एवढाच आवाज झाला.

दिवसभर घासून लख्ख केलेल्या गिअरवर आता पांढरे डाग होते. मिस्त्रींनी ते बघितले. पोराची स्तुती त्याच्या तोंडावर करायची नाही, या गॅरेजधर्माला जागून ते मला म्हणाले, "आयटीआयवाले अजून शाळंत बी शिकवत्यात वाटतं कायतरी."

पुढचं भराभर झालं. क्राउन व्हील केजवर बसलं. त्याचे बोल्ट एकामागून एक नाही, तिरपे, आमनेसामने आवळले. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून एकमेकांवर घासून जोडीनं येतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, त्यामुळं एक बिघडला तरी दोन्ही बदलावे लागतात. दाजींना हा नियम कंपनीचा डाव वाटतो. सुदैवानं जोडी शाबूत होती. दात्यांना निळा रंग फासून क्राउन फिरवला, रंग दात्याच्या मध्यावर पुसला गेला की नाही ते बघितलं. टोकाकडं पुसला गेला होता, म्हणून एक शिम डावीकडचा काढून उजवीकडं घातला. परत निळा. परत एक शिम. दाजींनी मधेच विचारलं की शिमऐवजी पत्र्याचा तुकडा चालत नाही का. चालत नाही. एक सर्क्लिप उडाली ती पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला, पण पडल्याचा आला नाही, नवीन घातली. पॅकिंगचा कागद पेटीच्या तोंडावर ठेवून हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं ठोकला की भोकांसकट मापाचा कापला जातो, ते बघण्यासारखं असतं. त्यावर शेलॅक लावून पेटी बंद.

बंद झाल्यावर घमेल्यात एक वॉशर उरला.

अशा वेळी गॅरेजात जी शांतता पसरते ती मी शाळेत फक्त तपासणीच्या दिवशी अनुभवली आहे. दाजी वॉशरकडं बघत होते, पोरगं पेटीकडं, आणि मी दोघांकडं. मिस्त्रींनी तो उचलला, नख फिरवलं, दाताखाली धरल्यासारखा बघितला आणि खिडकीत ठेवून दिला. "कडबाकुट्टीचा हाय. मागच्या आठवड्यात आलती." कडबाकुट्टीवाल्याला फोन लावला. त्यानं सांगितलं की त्याची कुट्टी त्या दिवसापासून थोडी वाजते खरी, पण त्याला वाटलं दुरुस्त झाल्यामुळं वाजत असेल.

आता चाचणी. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, नवीन ऑइल भरलं, गिअर टाकला आणि मिस्त्रींनी एक चाक हातानं पुढं फिरवलं. पलीकडचं चाक मागं फिरलं.

"आरं, उलटं चाललंय!" दाजी ओरडले. ओरडणं ऐकून दोन मोटारसायकली थांबल्या. गिअरमध्ये असताना क्राउन जागचा हलत नाही, म्हणजे दोन चाकांच्या फेऱ्यांची बेरीज शून्य; एक पुढं गेलं की दुसऱ्यानं तितकंच मागं गेलं पाहिजे, नाही गेलं तर काहीतरी चुकलंय, हे मी सांगायला घेतलं. आलेल्यांतल्या एकानं तोवर मुठी समोर धरलेल्या होत्या.

"उलटं म्हंजी काय आसतं, सांगू?" मिस्त्री बोटं पुसत म्हणाले.

ते शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादानं असाच एक बागेचा ट्रॅक्टर रातोरात जोडून दिला होता. लाइट गेलेली, कंदिलावर काम. केज पेटीत ठेवताना उलटी फिरली आणि क्राउन पिनियनच्या दुसऱ्या अंगाला बसला. बाकी सगळं चोख. शिम बरोबर, आवाज नाही, गळती नाही. मालकानं पहाटे पहिला गिअर टाकला आणि ट्रॅक्टर गोठ्याची मागची भिंत घेऊन बाहेर पडला. पुढचे सहा गिअर मागं चालायला लागलेले, आणि रिव्हर्सचे दोन पुढं. उस्ताद अनवाणी पळत गेला. म्हणाला, मालक, चूक झाली, दिवसभरात फिरवून देतो, पैसा घेत नाही. पण रात्री पाऊस झालेला, आभाळ भरलेलं, छाटणी होऊन थोडेच दिवस झालेले. मालकानं रिव्हर्स टाकून बघितला. ट्रॅक्टर सावकाश पुढं निघाला. ब्लोअर सुरू केला, तर तो नेहमीसारखाच फिरला. त्याचा दांडा डिफरन्शियलमधून जातच नाही. मालक एका ओळीतून जाऊन दुसऱ्या ओळीतून परत आला आणि खाली न उतरता म्हणाला, औषध मारायला ह्यो वेग एकदम बरोबर पडतोय. राहू दे. माल गेल्यावर बघू.

"आन् मग?" थांबलेल्या दोघांनी विचारलं.

"मग काय. तीन सालं तसाच चालवला. गावात दुसरं कुणी चालवायला मागंना, म्हणून कुणी उसना बी मागायचं न्हाई."

दाजी आपल्या ट्रॅक्टरकडं बघत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "डिझेल किती खायचा त्यो?"